शक तोच, पाडवा वेगळा: बालीचा हिंदू धर्म समजून घेताना

२२ मार्च २०२३ला गुढीपाडवा होता. पंचांगात शके १९४५ लागलं, दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या, श्रीखंडाचे डबे उघडले. त्याच दिवशी इंडोनेशियातल्या बाली बेटावरही नवं वर्ष लागलं आणि त्याचाही आकडा १९४५च. फक्त तिथे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. विमानतळ चोवीस तास बंद. दुकानं, शाळा, समुद्रकिनारे बंद. चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, कामाला हात लावायचा नाही, घराबाहेर पडायचं नाही, करमणूक करायची नाही. खिडकीतून उजेड दिसलाच तर गावचे राखणदार येऊन समज देतात. त्यांना 'पेचालांग' म्हणतात. पर्यटकालाही सूट नाही, त्याने हॉटेलाच्या आवारात बसायचं. २०१८पासून मोबाइल इंटरनेटसुद्धा त्या दिवसापुरतं बंद ठेवतात.

या दिवसाचं नाव न्येपी. आदल्या संध्याकाळी याच्या नेमकं उलट दृश्य असतं. बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस खांद्यावर घेऊन पोरं मिरवतात, भांडी बडवतात, नुसता कल्लोळ. त्या पुतळ्यांना ओगोह-ओगोह म्हणतात. गोंगाटाने भुताखेतांना उठवायचं, हुसकायचं आणि दुसऱ्या दिवशी बेट असं निपचित ठेवायचं की इथे कोणी राहतच नाही असं समजून ती निघून जावीत, अशी लोकांची समजूत. परंपरा जुनी असली तरी हे पुतळे मिरवण्याचं वेड मात्र १९८०च्या दशकातलं आहे. आपल्याकडचे ढोलताशे आठवावेत.

शक एक, दिवसही एक, मग सण इतका उलटा कसा? बालीबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी हमखास सांगितल्या जातात: एक, तिथे 'आपलीच' संस्कृती जशीच्या तशी जपलेली आहे आणि दोन, बळीराजाचं पाताळ म्हणजे हेच बेट. दुसरी गोष्ट सोडून द्यावी. बेटाचं नाव जुन्या शिलालेखात 'वालिद्वीप' असं आलंय आणि त्याचा अर्थ बली म्हणजे अर्पण, नैवेद्य असा लावला जातो. पहिली गोष्ट मात्र नीट उलगडून पाहण्यासारखी आहे. बालीतले शब्द आपल्या इतके ओळखीचे आहेत की त्यांच्या आत भरलेला माल वेगळा आहे हे चटकन लक्षात येत नाही.

आधी पंचांगाचंच घ्या. बालीचा शकमास अमावास्येला संपतो, म्हणजे आपल्यासारखाच अमान्त. पण वर्षाचा आकडा बदलतो तो नववा महिना संपून दहावा लागतो तेव्हा! अधिक महिना कधी धरायचा याचा हिशेबही वेगळा. त्यामुळे २०२३ला पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी आले, २०२४ला न्येपी ११ मार्चला आणि पाडवा थेट ९ एप्रिलला. २०२५ला फरक एका दिवसाचा राहिला, २०२६ला १९ मार्चला पुन्हा गाठ पडली.

शिवाय शकाच्या जोडीला दुसरंच एक पंचांग तिथे चालतं, पावुकोन नावाचं. त्याचं वर्ष २१० दिवसांचं. तीस आठवडे, प्रत्येकाला स्वतंत्र नाव. त्यात सात दिवसांचा आठवडा चालू असतानाच पाच दिवसांचाही चालतो, तीन दिवसांचाही चालतो. एक दिवसापासून दहा दिवसांपर्यंतचे दहा 'आठवडे' एकाच वेळी फिरत असतात. गंमत म्हणजे सात वारांची नावं अशी: रेदिते, सोम, आंग्गारा, बुद, व्रस्पती, सुक्र, सनिस्चर. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनैश्चर. अंगारकी करणाऱ्या माणसाला 'आंग्गारा' म्हणजे मंगळवार हे सांगावं लागत नाही. पाच दिवसांच्या आठवड्याची नावं मात्र तिथल्या मातीतली, त्यांचा संस्कृतशी संबंध नाही. गालुंगान हा मोठा सण या दोन चाकांच्या सांध्यावर येतो: दुंगुलान आठवड्यातला, पंचवारातला 'क्लिवोन' असलेला बुधवार. त्या दिवशी पूर्वज घरी येतात, दारात उंच बांबू वाकवून सजवलेले 'पेंजोर' उभे राहतात आणि दहा दिवसांनी, कुनिंगानला, पूर्वज परततात. पितृपक्ष आणि दिवाळी एकत्र केल्यासारखं काहीतरी, आणि तेही २१० दिवसांनी एकदा. माणसाचा वाढदिवसही याच चक्राने धरतात.

पावुकोनचा शेवटचा शनिवार सरस्वतीचा. त्या दिवशी ताडपत्राच्या पोथ्या आणि पुस्तकं मांडून त्यांना नैवेद्य दाखवतात. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढणाऱ्यांना हे चटकन कळेल. 'तुंपेक लांदेप' हा शस्त्रांचा, धातूच्या वस्तूंचा दिवस. पूर्वी त्या दिवशी क्रिस म्हणजे नागमोडी कट्यारी पुजत, आता मोटारसायकली आणि गाड्याही धुऊन-पुसून हार घालून उभ्या असतात.

शक तिथे पोचला कसा?

उत्तर किनाऱ्यावर सेंबिरान गावाजवळच्या उत्खननात भारतीय बनावटीची भांडी सापडली आहेत, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. म्हणजे व्यापार फार जुना. पण व्यापारी भांडी विकतात, राज्य चालवायला लागणारे शब्द, मंत्र, कालगणना ही वेगळी गोष्ट. ती आली राजांच्या मागणीने, आणि बरीचशी शेजारच्या जावा बेटावरून. बालीतला तारीख असलेला सर्वांत जुना लेख शक ८०४चा, म्हणजे इ. स. ८८२चा. सानुरच्या किनाऱ्यालगत ब्लांजोंगला एक दगडी खांब आहे, इ. स. ९१४च्या सुमाराचा, श्री केसरी वर्मदेव या राजाचा. त्यावर संस्कृत आणि जुनी बाली अशा दोन भाषा, आणि नागरीचं जुनं रूप व स्थानिक अशा दोन लिप्या आहेत. हा लेख तुम्ही ज्या लिपीत वाचताय तिची एक दूरची मावशी तिथे हजार-अकराशे वर्षं उभी आहे.

आक्रमण करून कोणा भारतीय राजाने हे लादल्याचा काही पुरावा नाही. बौद्धही होते, शैवही होते आणि त्यांच्या आधीपासून असलेली डोंगर, झरे व पूर्वज यांची पूजाही होती. यातलं कोणी कोणाला हाकललं नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस उदयन नावाच्या बालीच्या राजाने जावाच्या राजकन्येशी लग्न केलं, त्यांचा मुलगा ऐरलंग पुढे पूर्व जावाचा प्रसिद्ध राजा झाला. १३४३मध्ये जावाच्या माजापाहित साम्राज्याने बाली जिंकलं. त्यानंतर दरबार, भाषा, वाङ्मय सगळ्यावर जावाची छाप बसली.

आपल्याकडच्या लेखांत यापुढची ओळ ठरलेली असते: जावा मुस्लिम झालं, हिंदू पळून बालीत आले आणि धर्म वाचला. पळून आलेले काही असतीलच, पण ही गोष्ट फार सोपी करून सांगितलेली आहे. बाली त्याआधी सहाशे वर्षं शैव-बौद्ध होतं. जावाचं पूर्व टोकही एका झटक्यात बदललं नाही, तिथलं ब्लांबांगान हे राज्य अठराव्या शतकापर्यंत हिंदू होतं. सोळाव्या शतकात बालीत गेलगेलचे राजे बलवान होते, त्यांची सत्ता शेजारच्या बेटांवरही होती. आणि दक्षिण किनाऱ्यावर प्रवाळाचे खडक, धड बंदर नाही, मसाल्याची पिकं नाहीत. व्यापाऱ्याने वाकडी वाट करून यावं असं तिथे फारसं काही नव्हतं.

याच गेलगेलच्या दरबारात जावाहून एक ब्राह्मण आला, दांग ह्यांग निरर्थ. आजचे बालीतले शैव ब्राह्मण पुरोहित आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेतात. समुद्रातल्या खडकावरचं तानाह लोत, कड्यावरचं उलुवातू या देवळांशी त्याचं नाव जोडलेलं आहे. आणि त्याच्यामुळे रुजली असं मानतात ती एक वास्तू तर प्रत्येक भारतीय पर्यटकाला कोड्यात टाकते.

मूर्ती कुठे आहे?

बालीतल्या देवळाला 'पुरा' म्हणतात. आत गेलं की गाभारा नाही. मोकळी अंगणं, एकाआड एक. मधून चिरल्यासारखं दुभंगलेलं प्रवेशद्वार, शाकारलेल्या विषम संख्येच्या छपरांचे मनोरे, म्हणजे मेरू, जास्तीत जास्त अकरा. आणि मुख्य अंगणात दगडी उंच सिंहासन, पद्मासन. खाली कासव आणि नाग, वर खुर्ची. खुर्ची रिकामी. देव तिथे कायम राहत नाही, तो पाहुणा म्हणून येतो. देवळाच्या वर्धापनदिनी, बहुतेक ठिकाणी २१० दिवसांनी, त्याला बोलावतात, त्याच्यासाठी वाजवतात, नाचतात, पक्वान्नं मांडतात आणि निरोप देतात. गणपतीचं आवाहन आणि विसर्जन ज्याच्या अंगवळणी पडलंय त्याला ही कल्पना परकी वाटू नये. तिथे फक्त मूर्तीऐवजी रिकामी जागा आहे.

गावात साधारण तीन मुख्य देवळं असतात. डोंगराच्या बाजूला गावाच्या मुळाचं पुरा पुसेह, मधे गावसभेचं पुरा देसा, समुद्राकडे स्मशानाजवळ मृत्यूशी जोडलेलं पुरा दालेम. विष्णू, ब्रह्मा, शिव अशी त्यांची अनुक्रमे वाटणी सांगतात, पण खरी वाटणी डोंगर आणि समुद्र यांची आहे. 'काजा' म्हणजे डोंगराकडे, 'केलोद' म्हणजे समुद्राकडे. घर कसं बांधायचं, झोपताना डोकं कुठे करायचं, सगळं यावर ठरतं. उत्तर बालीत डोंगर दक्षिणेला पडतो, म्हणून तिथे काजाही दक्षिणेला. होकायंत्रापेक्षा गुनुंग आगुंग मोठा. हा ज्वालामुखी तीन हजार मीटरहून उंच आहे आणि त्याच्या उतारावरचं बेसाकिह हे बेटाचं सर्वांत मोठं देऊळ.

१९६३मध्ये बेसाकिहला 'एक दश रुद्र' हा महाविधी मांडला होता. शकाचा आकडा दोन शून्यांवर येतो तेव्हा, म्हणजे शंभर वर्षांनी एकदा तो करायचा, असा संकेत. १९६३ला शक १८८४ होता! विधी चालू असतानाच आगुंग जागा झाला, मार्चमध्ये मोठा स्फोट झाला, हजाराहून जास्त माणसं गेली. लाव्हा देवळाला बगल देऊन खाली उतरला. वेळ चुकली म्हणून डोंगर कोपला असं अनेकांनी मानलं. १९७९मध्ये, शक १९०० सरताना, तो विधी पुन्हा केला.

तीर्थ

बालीच्या धर्माचं जुनं नाव विचारलं तर एक उत्तर मिळतं: 'आगामा तीर्थ', तीर्थाचा धर्म. हिंदीभाषक माणूस याचा अर्थ तीर्थयात्रा असा करील. मराठी माणसाची इथे चूक होणार नाही, कारण आपणही देवळात 'तीर्थ' घेतो ते पाणीच असतं. बालीतही तीर्थ म्हणजे मंत्रवलेलं पाणी, आणि त्याशिवाय एकही विधी पुरा होत नाही. गृहप्रवेश, दात घासून सपाट करण्याचा वयात येतानाचा संस्कार, अंत्यविधी, शेतातली पेरणी, प्रत्येकाला वेगळं तीर्थ, वेगळ्या झऱ्याचं, वेगळ्या देवळाचं.

ते करणारे पुरोहित दोन प्रकारचे. गावच्या देवळाचा पेमांगकू हा बहुधा सामान्य घरातला, गुरवासारखा. पेदान्दा मात्र दीक्षा घेतलेला ब्राह्मण, आणि पेदान्दा स्त्रियाही असतात. त्यांत पुन्हा शैव आणि बौद्ध असे दोन. हो, बौद्ध ब्राह्मण! मोठ्या विधीला दोघं शेजारी बसून आपापली घंटा वाजवतात. पेदान्दा सकाळी मुद्रा आणि मंत्रांनी शिवाला आपल्या देहात बोलावतो आणि मग पाण्याचं तीर्थ करतो. मंत्रांत सात गंगांची नावं येतात: गंगा, सिंधू, सरस्वती, विपाशा, कौशिकी, यमुना, सरयू. आपल्या 'गंगे च यमुने चैव' मधली गोदावरी यात नाही, नाशिककरांनी वाईट वाटून घेऊ नये. ही नावं उच्चारून जे पाणी पवित्र करतात ते शेजारच्या ओढ्याचंच असतं.

हे मंत्र बाहेरच्या जगाला कसे कळले त्यात एक आपल्या बाजूचा धागा आहे. सिल्वाँ लेवी हे फ्रेंच संस्कृत पंडित १९२८मध्ये बालीत गेले, पुरोहितांकडून पाठ मिळवले, आणि ते छापले गेले १९३३मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. लेवींना तिथे चार वेद सापडले नाहीत. पेदान्दा ज्याला 'वेद' म्हणतात ती बरीचशी शैव आणि तांत्रिक स्तोत्रं आहेत.

सामान्य घरातली रोजची पूजा बायकांच्या हाती असते, आणि ती शब्दांपेक्षा हातांची आहे. नारळाच्या कोवळ्या पात्यांची इवलीशी टोपली विणायची, तिला 'चानांग' म्हणतात. तळाशी विडा: पान, चुना, सुपारी. वर फुलं दिशांप्रमाणे, पूर्वेला पांढरी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. मग उदबत्ती, थोडं पाणी. एक देव्हाऱ्यात, एक दारात, एक दुकानाच्या गल्ल्यावर. जमिनीवर ठेवतात ते मात्र देवासाठी नसतं, 'भूत-काळ' म्हणवल्या जाणाऱ्या भुताखेतांसाठी असतं. त्यांनाही काहीतरी द्यायचं, नाहीतर ते घेतात.

हेच पाणी शेतात कसं पोचतं ते समजल्याशिवाय बाली कळत नाही. भातखाचरांना पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला 'सुबाक' म्हणतात; अशी सुमारे बाराशे मंडळं आहेत आणि अकराव्या शतकातल्या लेखांत त्यांचा उल्लेख आहे. एका बंधाऱ्याचं पाणी घेणारे सगळे एक सुबाक, त्यांचं एक जलमंदिर. वरच्या आणि खालच्या सुबाकांनी लावणी कधी करायची हे मोठ्या जलमंदिरांत ठरतं आणि साखळी बातूर सरोवराच्या देवळापर्यंत जाते. धुळे-नाशिककडची पांझरा-मोसमवरची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं निम्मं आधीच समजलं असेल; तिथे पाणी वाटणारा पाटकरी, इथे सुबाकचा प्रमुख पेकासेह.

१९७०च्या दशकात सरकारने सुधारित भात आणलं आणि सांगितलं, देवळाचं वेळापत्रक सोडा, जितक्या वेळा लावता येईल तितक्या वेळा लावा. काही हंगामांतच तुडतुडे आणि रोगांनी शेतं खाल्ली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने जेम्स क्रेमर या परिसंस्था अभ्यासकाच्या मदतीने संगणकावर याचं प्रतिरूप मांडलं तेव्हा कारण स्पष्ट झालं. सगळ्यांनी एकदमच लावलं तर पाणी पुरत नाही. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा लावलं तर किडीला बाराही महिने खायला मिळतं. शेजारच्या सुबाकांचा एक गट एकत्र पड ठेवतो, पुढचा गट नंतर, यातच मध्य साधतो, आणि देवळाच्या तारखा नेमक्या तेच करत होत्या. २०१२मध्ये युनेस्कोने सुबाकचा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. त्यातलं जातिलुवीह बघायला पर्यटकांची रांग लागते, आणि दक्षिणेत तीच खाचरं बुजवून व्हिला उभे राहतात.

कागदावर हिंदू

एकोणिसाव्या शतकात उत्तर बाली डचांच्या ताब्यात गेलं. दक्षिण उरलं होतं. १९०४मध्ये सानुरजवळ एक चिनी मालकाचं जहाज फुटलं, त्याची लूट झाल्याचा आरोप आला, बादुंगच्या राजाने भरपाई नाकारली आणि डचांना निमित्त मिळालं. २० सप्टेंबर १९०६ला देनपासारच्या राजवाड्यातून राजा, राण्या, मुलं, नोकर पांढरे कपडे घालून, हाती क्रिस घेऊन बंदुकांसमोर चालत गेले. जे गोळ्यांनी पडले नाहीत त्यांनी स्वतःला संपवलं. याला पुपुतान म्हणतात. 'पुपुत' म्हणजे संपणं. १९०८मध्ये क्लुंगकुंगलाही तेच झालं. जोहार आठवेल, पण इथे पुरुष, बायका, पोरं एकाच रांगेत होती.

त्यानंतर डचांनी याच बेटाला 'जिवंत संग्रहालय' म्हणून जगासमोर मांडलं, आणि शांत, नाचऱ्या बालीचं चित्र तयार झालं. ते चित्र अर्धवट आहे. १९६५-६६च्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात या छोट्या बेटावर अंदाजे ८० हजार माणसं मारली गेली, बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्याच हातून.

इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर वेगळाच पेच आला. देशाच्या पंचशीलाचं पहिलं तत्त्व 'एकच परमेश्वर'. १९५०च्या दशकात धर्म मंत्रालयाची व्याख्या अशी की धर्म म्हणजे एक देव, एक प्रेषित, एक ग्रंथ. या मापात न बसणारे 'अजून धर्म नसलेले' लोक. बालीकर तर देवळादेवळाला वेगळा देव मानणारे, ग्रंथाऐवजी पाण्यावर चालणारे! मग तिथल्या पुढाऱ्यांनी मांडणी केली: सगळे देव 'सांग ह्यांग विधी' नावाच्या एकाच परमेश्वराची रूपं आहेत, श्रद्धा पाच, म्हणजे ईश्वर, आत्मा, कर्मफळ, पुनर्जन्म आणि मोक्ष, ग्रंथ वेद. १९५८मध्ये मान्यता मिळाली. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांची आई बालीची होती, त्याचाही उपयोग झाला असावा. १९५९मध्ये 'परिषद धर्म हिंदू बाली' ही संस्था स्थापन झाली.

म्हणजे आज ओळखपत्रावर असतो तो 'हिंदू' हा धर्म, त्याच्या आजच्या चौकटीसह, आपल्या आजोबांच्या वयाचा आहे. याच काळात भारताशी नातं नव्याने जोडलं गेलं. शांतिनिकेतनात विश्वभारतीत शिकलेले इदा बागुस मंत्र पुढे १९७८ ते १९८८ बालीचे गव्हर्नर होते. गायत्री मंत्राने सुरू होणारी 'त्रिसंध्या' शाळेत मुलांना शिकवायला लागले. त्याआधी मंत्र म्हणणं हे पुरोहिताचं काम, लोकांनी फुलं घेऊन हात जोडायचे. आणि सरकारी चौकटीत जागा मिळवण्यासाठी कालिमंतानच्या, म्हणजे बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागातल्या, दायाक लोकांचा काहारिंगान हा मूळ धर्मही १९८०मध्ये कागदोपत्री 'हिंदू'च झाला.

जातीबद्दल थोडक्यात: ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य ही 'त्रिवंश' आणि बाकी सुमारे नव्वद टक्के शूद्र. अस्पृश्यता नाही. डुकराचं मांस सणाचं जेवण आहे. सामान्य घरात पहिल्या मुलाचं नाव वायान, मग मादे, न्योमान, केतूत. पाचवं झालं की पुन्हा वायान. दहनाला 'न्गाबेन' म्हणतात आणि खर्च इतका की पुष्कळदा मृताला आधी पुरतात व पैसे जमले की, कधी गावातल्या सगळ्यांचं मिळून, काही वर्षांनी दहन करतात. उंच मनोरा खांद्यावर नेताना चौकात गरागरा फिरवतात, आत्म्याला घरची वाट सापडू नये म्हणून.

बालीत ४३ लाख लोक राहतात, त्यांतले ८५ टक्क्यांहून जास्त हिंदू. अख्ख्या इंडोनेशियात शंभरात दोनही नाहीत. मराठी घरांतून आता सहली सर्रास जातात. देवळात जायचं तर कमरेला सारोंग आणि शेला बांधावा लागतो. पूजेला बसू दिलं तर प्रथम हात रिकामे जोडतात, मग बोटांच्या टोकांत फूल धरून. शेवटी पेमांगकू येतो. तो डोक्यावर पाणी शिंपडतो, मग उजवा तळवा वर, डावा खाली. तीन घोट प्यायचे, पुढचं तोंडावरून फिरवायचं. त्यानंतर ओल्या तांदळाचे दाणे मिळतात, ते कपाळाला आणि गळ्याच्या खाचेत चिकटवायचे, दोन-चार तोंडात टाकायचे. दाणे पुसून काढत नाहीत. सुकले की आपोआप पडतात.